गोल अक्षरांचं मराठी

मला बसून गोष्ट ऐकता यायची नाही. बाबा पुस्तक उघडून खुर्चीत बसले की मी उठायचे आणि त्यांच्याभोवती फेऱ्या मारायला लागायचे. बेंगळुरूच्या बसवनगुडीतल्या आमच्या भाड्याच्या घराला लाल ऑक्साईडची गुळगुळीत जमीन होती, तिच्यावर मोजे घालून छान घसरत जाता यायचं. आई म्हणायची, हिच्या पायाला भिंगरी लागलीय. बाबा काही म्हणायचे नाहीत. मी त्यांच्या पाठीमागे गेले की आवाज जरा चढवायचे, समोर आले की उतरवायचे, एवढंच.

वाचून दाखवायचं काम आमच्याकडे दोघंही करायची आणि दोघांची तऱ्हा अगदी निराळी. आई पुण्याची. तिचं वाचणं स्वच्छ आणि भरभर, एक शब्द इकडचा तिकडे व्हायचा नाही. मध्येच काही विचारलं तर "आधी ऐकून घे" म्हणायची. बाबा निपाणीपलीकडच्या एका खेड्यातले, घरात मराठी आणि शाळेत कन्नड असे वाढलेले. होसकोट्याच्या बाजूला एका कारखान्यात ते लेथवर कामाला होते. कंपनीची बस सकाळी सहाला निघायची आणि त्यांना घरी यायला संध्याकाळचे सात वाजायचे, त्यामुळे त्यांचं वाचणं रविवारी सकाळी, नाश्ता झाल्यावर. बाबांच्या गोष्टीत काहीही मागता यायचं. "त्या मुलीकडे एक कुत्रा असू दे," असं मी म्हटलं की पुढच्याच वाक्यात शेपूट हलवत कुत्रा हजर. साहजिकच मला बाबांचं वाचणं जास्त आवडायचं, आणि ते मी आईला सांगूनही टाकलं होतं. तेव्हा मला कुणाला काय वाटेल वगैरे कळायचं नाही.

दोघांच्या पुस्तकांत आणखी एक फरक होता. आईच्या पुस्तकांतली अक्षरं वरच्या रेघेला टांगलेली असायची आणि बाबांच्या पुस्तकांतली गोल, एकेकटी, रेघेशिवाय. यावरून मी असा निष्कर्ष काढला होता की बायकांचं मराठी रेघेचं असतं आणि पुरुषांचं गोल. पुरुषांना मिशा असतात, तसंच हे. बाबा गोल अक्षरांकडे बघायचे आणि त्यांच्या तोंडून मराठी बाहेर पडायचं, मग ते मराठीच असणार. गांधी बाजारातल्या दुकानांच्या पाट्याही गोल अक्षरांत होत्या. पण पाट्या रंगवणारेही पुरुषच, त्यामुळे तेही बरोबर जमत होतं. गल्लीतल्या पोरांशी मी दिवसभर कन्नड बोलायचे, पण बोलणं वेगळं आणि पुस्तक वेगळं. कन्नड लिहितातही, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

तिसरीत आम्हाला कन्नड हा विषय सुरू झाला. जून महिना होता. बाईंनी फळ्यावर पहिलं अक्षर काढलं आणि मी हात वर करून उभी राहिले. म्हटलं, "मिस, हे मराठी आहे. माझे बाबा दर रविवारी वाचतात." बाई आधी गोंधळल्या आणि मग हसल्या, आणि बाई हसल्या म्हटल्यावर चाळीस पोरं हसायला मोकळी झाली. मी इतकी संतापले की घरी आल्यावर दप्तर फेकलं आणि बाबा कारखान्यातून येईपर्यंत कुणाशी बोलले नाही. ते आल्यावर मी सरळ विचारलं, "तुम्ही मला कन्नड पुस्तकातून मराठी का सांगता?"

बाबा डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. "मी कधी म्हटलं ते मराठी हाय म्हणून? तू विचारलंच न्हाईस की."

आई मात्र हसली नाही. तिने दुसऱ्याच दिवशी दुरेघी वही आणली आणि मला रेघेची अक्षरं शिकवायला बसली. ती अक्षरं बाबांना येत नव्हती असं नाही. शाळेत दोन-तीन वर्षं हिंदी होतं, त्या शिदोरीवर ते वाचायचे, पण एक पान संपेपर्यंत चहा गार व्हायचा. आई कधीकधी मुद्दाम त्यांच्या हातात आपलं पुस्तक द्यायची आणि ते अडखळायला लागले की म्हणायची, "चालू द्या, थेंबे थेंबे तळे साचे." बाबाही हसायचे. "आता हिचं तरी तुमच्यासारखं नको व्हायला," असं ती वही माझ्यापुढे ठेवताना म्हणाली, तेव्हा ते हसले नाहीत.

पण वहीपुढे बसायचं म्हणजे बसायचं, आणि तेच मला जमत नव्हतं. क, ख, ग, घ करत आम्ही जेमतेम अर्ध्यापर्यंत गेलो असू, तेवढ्यात ऑगस्टमध्ये आई पुण्याला गेली. तिथल्या एका शाळेत कुणी शिक्षिका बाळंतपणाच्या रजेवर गेल्या होत्या, त्यांच्या जागी आईला बोलावलं होतं. आईने बी.एड. केलेलं होतं आणि बेंगळुरूत ती सहा वर्षं घरी बसून होती. दिवाळीपर्यंतचाच प्रश्न आहे, असं सगळे म्हणाले. दिवाळीला ती चार दिवस आली आणि पुन्हा गेली. आणखी एक रजा निघाली होती म्हणे.

शाळेतून आल्यावर मी खाली घरमालकिणीकडे थांबायचे. तिला सगळी गल्ली अक्का म्हणायची, आम्हीही. अक्का मला खायला द्यायची, केस विंचरून द्यायची आणि एका जागी बस म्हणून ओरडायची. तिच्याकडे दर शुक्रवारी एक कन्नड साप्ताहिक यायचं. शनिवारपर्यंत ती ते वाचून संपवायची आणि रविवारी सकाळी ते वर आमच्याकडे यायचं. त्यात एक कादंबरी क्रमशः येत होती. दसऱ्याच्या सुमारास ती सुरू झाली, आणि त्या वर्षी बाबांनी मला रविवारी वाचून दाखवली ती तीच.

गोष्ट घाटातल्या एका गावाची होती. तिथला पोस्टमास्तर, त्याची बायको आणि त्यांची माझ्याएवढी मुलगी. मुलीकडे कुत्रा, कारण मी मागितला होता. बायको शहरात नर्सचं शिक्षण घ्यायला जाते. शिक्षण संपतं, ती पत्र पाठवते की मी येते आहे, आणि बसमध्ये बसते. इथवर गोष्ट अशी पळत होती की मला रविवार ते रविवार दम निघायचा नाही. सोमवारी शाळेत बाकाखाली पाय हलायचे, गुरुवारी मी तीनतीनदा अक्काला विचारायचे की उद्याच शुक्रवार आहे ना.

आणि मग ती बस घाटात अडकली. पहिल्या रविवारी दरड कोसळली. दुसऱ्या रविवारी दरड बाजूला केली तर पुढचा पूल वाहून गेलेला. तिसऱ्या रविवारी पूल दुरुस्त झाला आणि बसचा टायर बसला. चौथ्या रविवारी ड्रायव्हरच तापाने फणफणला.

"बाबा, त्या बसमधली माणसं जेवतात काय?" मी विचारलं.

"जवळ एक खेडं हाय की. तिथनं भाकरी येतात."

"मग ती चालत का जात नाही?"

"घाट मोठा हाय. स्वल्प दम धर की गं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग."

मी दम धरला. नऊ रविवार ती बाई घाटात होती. बाहेर फेब्रुवारीचं ऊन पडलं होतं आणि गोष्टीत धो धो पाऊस. मी बाबांभोवती इतक्या जोरात फिरायचे की त्यांच्या हातातलं पान उडायचं. "आली का? आज तरी आली का?" असं मी सुरुवातीलाच विचारून टाकायचे आणि बाबा पान शोधत बसायचे. त्या फेऱ्यांत ती बाई आणि माझी आई यांची माझ्या मनात केव्हा सरमिसळ झाली, मला सांगता येणार नाही. मला एवढंच वाटायचं की ही बस गावात पोचली की आईही येईल. हे मी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं.

एका संध्याकाळी अक्काच्या ओट्यावर समोरच्या घरातली एक बाई आली होती आणि दोघी त्याच कादंबरीबद्दल बोलत होत्या. अक्का म्हणाली, बरं केलं तिनं, परत आली नाही ते. काय ठेवलंय त्या गावात? समोरची बाई म्हणाली, पण नवऱ्याचं काय? मी चुरमुरे खात मध्येच म्हटलं, "ती येतेय. बस अडकलीय."

"याव बस, पुट्टी?" अक्काने विचारलं. कुठली बस?

मी सगळं सांगितलं. दरड, पूल, टायर, ड्रायव्हरचा ताप. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. समोरची बाई हसायला लागली, पण अक्काने तिला खुणेने गप्प केलं आणि माझ्या हातावर आणखी चुरमुरे घातले. अक्का आपणहून कुणाला खायला दुसऱ्यांदा वाढणारी नव्हती. तेव्हाच मला कळलं की काहीतरी बिनसलंय.

जुने अंक अक्काच्या जिन्याखाली रद्दीवाल्यासाठी रचून ठेवलेले असायचे. दुसऱ्या दिवसापासून मी तिथे बसायला लागले. हो, बसायला. आयुष्यात पहिल्यांदा मी एका जागी तासभर बसले ती जिन्याखाली, कोळ्याच्या जाळ्यात. शाळेत तोवर जोडाक्षरं झाली होती, तरी एकेक ओळ म्हणजे डोंगर. अक्षर लावायचं, शब्द मोठ्याने म्हणायचा, तो कानाला ओळखीचा वाटला की पुढे जायचं. मी आठ दिवस तो उद्योग करत होते. अक्का आतून ओरडायची, "एन माडतीया अल्ली?", तिथे काय करतेस, आणि मी अभ्यास करतेय म्हणून सांगायचे. तशी ती थापही नव्हती.

आधी मला कळलं ते हे की कुत्रा नव्हता. एकाही अंकात कुत्रा नव्हता. हे तसं मला ठाऊक असायला हवं होतं, मीच मागितलेला कुत्रा तो, तरीही मला धक्का बसला. तशीच मी पुढे वाचत गेले आणि जानेवारीतल्या एका अंकात मला बाईचं पत्र सापडलं. तिने लिहिलं होतं की मी परत येणार नाही. इथे मला काम मिळालं आहे. परीक्षा झाली की मुलीला माझ्याकडे पाठवून द्या, इथली शाळा चांगली आहे. ती बसमध्ये चढलीच नव्हती. पुढच्या अंकांत पोस्टमास्तर नुसता पत्रं वाटत हिंडत होता.

आई येणार नाही आणि हे बाबांना ठाऊक आहे, हे मला लख्ख दिसलं. पुस्तकातली बाई आणि माझी आई एक नव्हेत, एवढी अक्कल मला होती. पण बाबांनी बस कशाला आणली असती मग? ज्याला काही लपवायचं नसतं तो नऊ रविवार पूल पाडत बसत नाही.

मी बाबांना लगेच विचारलं नाही, याचं मला आजही नवल वाटतं. जी मुलगी भूक लागायच्या आत जेवायला मागायची ती गप्प राहिली. पण गप्प राहणं म्हणजे शांत असणं नव्हे. मी नखं कुरतडली. बाबा कारखान्यातून आले की त्यांचा डबा उघडून बघायचे, पिशवी चाचपायचे, काय शोधतेय ते मलाही माहीत नव्हतं. दाराशी सायकल वाजली की पोस्टमन समजून जिना उतरायचे.

आईचा फोन पंधरा दिवसांतून एकदा अक्काकडे यायचा. ती पुण्यात मावशीकडे राहायची आणि कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून बोलायची, त्यामुळे सगळं घाईत. जेवलीस का, अभ्यास करतेस ना, वेणी कोण घालतं. या वेळी मी मध्येच विचारलं, "तू कधी येणार?"

तिने उलट विचारलं, "बाबा माझी पत्रं वाचून दाखवतात ना तुला?"

"हो."

"सगळी?"

"हो."

"मग?" ती म्हणाली. "मग तू काहीच का सांगत नाहीस मला?" मी काय सांगायचं होतं, ते मला कळेना. अक्का शेजारी उभी होती. आई म्हणाली, वेळ होत आला, ठेवते. फोन ठेवताना तिचा आवाज रडवेला होता आणि मला वाटलं, ती माझ्यावर रागावली.

त्या रात्री जेवताना मला आईची पत्रं आठवली. आठवली म्हणजे, ती डोळ्यांसमोरच होती. निळी आंतर्देशीय पत्रं, शोकेसच्या वरच्या फळीवर, ढीग करून ठेवलेली. बाबांनी ती कधीच लपवली नाहीत. लपवायची गरजच नव्हती. माझी रेघेची अक्षरं अर्ध्यावर राहिली होती आणि आईचं हस्ताक्षर तर पळणारं. प्रत्येक पत्र आलं की बाबा मला ते वाचून दाखवायचे. पुण्यात थंडी आहे. मावशीने तुझ्यासाठी फ्रॉक शिवलाय. दूध पीत जा. आणि हे सगळं ते कसं वाचायचे? धडाधड. एकदाही न अडखळता.

आईच्या पुस्तकातलं एक पान वाचायला ज्यांना अर्धा तास लागायचा, त्यांना आईचं धावतं हस्ताक्षर कसं काय पटापट लागत होतं? मी ताटावरून उठले. बाबा म्हणाले, "अगं, भात संपव की." मी नको म्हटलं.

तो शनिवार होता. दुसऱ्या दिवशी, रविवारी सकाळी, नेहमीप्रमाणे अंक वर आला, बाबांनी खुर्ची ओढली, चष्मा पुसला. मी उभी राहिले नाही. त्यांच्या समोर जमिनीवर मांडी घालून बसले. त्यांनी माझ्याकडे दोनदा पाहिलं.

"काय गं, बरं वाटंना काय?"

"वाचा."

त्यांनी अंक उघडला. "तर ड्रायव्हरचा ताप उतरला," ते म्हणाले, "आणि बस..."

"बस नाहीये," मी म्हटलं. "मी सगळं वाचलंय. जिन्याखाली. बसही नाहीये आणि कुत्राही नाहीये."

बाबांनी अंक मांडीवर ठेवला. मग हळूच म्हणाले, "कुत्रा तूच मागितलास की."

"आणि बस कुणी मागितली?"

"मी," बाबा म्हणाले.

मी भांडायच्या तयारीत होते. काय काय बोलायचं ते अख्खी रात्र घोकलं होतं, थापाड्या हा शब्दही त्यात होता. पण बाबांनाही काही मागावंसं वाटत असेल, हे तोवर माझ्या मनातही आलं नव्हतं. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं, शोकेसजवळ गेले, ढिगातलं सगळ्यात वरचं पत्र काढलं आणि त्यांच्या हातात दिलं.

"हे वाचा. बोट ठेवून."

आमच्या कन्नडच्या बाई तसंच वाचायला लावायच्या. शब्दाखाली बोट ठेवायचं, तो शब्द म्हटल्याशिवाय बोट हलवायचं नाही. असं केलं की कुणालाही मनचं घालता येत नाही. बाबांना ते लगेच समजलं. त्यांनी पत्र उलगडलं, चष्मा पुन्हा पुसला आणि पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं. त्यांच्या नखांत कारखान्याचं काळं तेल बसलेलं असायचं, ते कशानेही जायचं नाही.

"मु... ख्या... ध्या... पि... कां... शी," ते वाचू लागले. "मुख्याध्यापिकांशी. बो... लले. आहे."

तेच त्यांचं खरं वाचणं. असं वाचताना मी त्यांना आईच्या थट्टेत ऐकलं होतं आणि हसलेही होते. आता हसू येत नव्हतं. मी त्यांच्या खुर्चीच्या हाताला धरून उभी होते आणि एकेका शब्दासाठी थांबत होते. जानेवारीपासून आईची नोकरी कायम झाली होती. चौथीत जागा आहे. घर बघून ठेवलं आहे, दोन खोल्यांचं. तुम्हाला इकडे यायचं नाही ते मला कळलं, आता पुन्हा पुन्हा विचारणार नाही. इथे बाबांचं बोट थोडं थांबलं, पण त्यांनी तेही वाचलं. मग पुढची ओळ आली आणि बोट तिच्याखाली गेलं आणि तिथेच राहिलं.

"पुढं," मी म्हटलं.

"हां."

"बाबा, पुढं."

"ति... ला," बाबा म्हणाले. "तिला. वि... चारा. तिला विचारा, तिला कुठे... राहायचं... आहे." ते थांबले, श्वास घेतला आणि पुन्हा सुरू झाले. "तिच्या मनाविरुद्ध मी तिला आणणार नाही. मागच्या चार पत्रांत हेच वि... चारते आहे. तुम्ही तिला वि... चारलंत का?"

चार पत्रं. दोन महिने. शोकेसवर माझ्या डोक्याइतक्या उंचीवर तो प्रश्न पडून होता आणि मी त्याच्यासमोरून रोज शाळेत जात होते. आईला वाटत होतं, ही पोरगी मुद्दाम उत्तर देत नाही. आणि मी पोस्टमनच्या सायकलीमागे धावत होते. त्या क्षणी मला बाबांचा भयंकर राग आला. आज तो उरलेला नाही. सकाळी सहाला जाऊन संध्याकाळी सातला येणारा एक माणूस, बायको येणार नाही हे कळलेला. पोरीला विचारलं की तीही काय म्हणेल हे त्याला पक्कं माहीत होतं. विचारलं नाही तोवर मी इथेच होते. त्याने तेवढे रविवार लांबवले.

"मला इचारायला जमलं न्हाई गं," बाबा म्हणाले. बोट अजून त्याच ओळीखाली होतं. "आता इचारतो. खरं सांग. कुठं राहायचं तुला?"

"आईकडे," मी म्हणाले.

जराही थांबले नाही. मी खरं तेच सांगितलं होतं, आज कुणी विचारलं तरी मी तेच सांगेन. पण जो प्रश्न त्यांना दोन महिने तोंडातून काढता आला नव्हता, त्याचं उत्तर मी श्वासही न घेता दिलं, याचं मला अजून वाईट वाटतं. बाबांनी मान हलवली. मी आणखी काही म्हणेन म्हणून त्यांनी थोडी वाट पाहिली असावी, कारण ते माझ्याकडे बघत होते. मी त्यांच्याकडे बघत नव्हते. माझी नजर कागदावर होती. त्यांच्या बोटाच्या खाली अजून पाच-सहा ओळी उरल्या होत्या आणि आईने त्यांत काय लिहिलंय ते मला कळायला हवं होतं, ताबडतोब.

"सरी," बाबा कन्नडमध्येच म्हणाले, म्हणजे बरं.

"पुढं वाचा ना," मी म्हणाले, आणि त्यांनी वाचलं.